पत्रिका छापण्याआधीची बातमी

शेजारच्या घरात लग्न ठरले आहे, पण घरचे कुणी तोंड उघडत नाही. सगळे पक्के होईपर्यंत बाहेर बोलायचे नाही, असे ठरलेले असते. तरी आठवड्याभरात सगळ्या इमारतीला ठाऊक असते. मुलीची आई एकदम सात ब्लाउज शिवायला टाकून आलेली असते, मंगल कार्यालयाच्या वहीत तारीख अडवलेली असते, आणि सोनार नेमका कुणाच्या तरी मावसभावाचा मित्र निघतो. यातल्या एकानेही मुद्दाम चुगली केलेली नसते. शिंप्याने फक्त ब्लाउज शिवले.

आता दुसरे एक घर घेऊ. अमेरिकेतल्या ॲपल कंपनीची दरवर्षी जूनमध्ये डेव्हलपर परिषद भरते. डेव्हलपर म्हणजे आपल्या फोनवरची ॲप लिहिणारी माणसे. परिषदेचे नाव डब्ल्यूडब्ल्यूडीसी. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यामुळे पुण्या-मुंबईतली संगणक क्षेत्रातली पोरे जेवण आटपून लॅपटॉपसमोर बसतात. गुप्ततेसाठी ही कंपनी प्रसिद्ध. तरी पडदा उघडतो तेव्हा आत काय असणार, हे निम्मे-अधिक लोकांना आधीच माहीत असते.

५ जून २०२३ ला ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी डोळ्यांवर चढवायचा संगणक दाखवला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्लूमबर्गचे पत्रकार मार्क गुरमन यांनी त्याचे वर्णन छापले होते. घालणाऱ्याचे डोळे बाहेरच्या काचेवर दिसतील, हातात काही न धरता नजर आणि बोटांनी तो चालेल, बॅटरी वायरीला लटकून खिशात राहील. तिन्ही गोष्टी बरोबर निघाल्या. नावाचा अंदाज मात्र ‘रिॲलिटी प्रो’ होता, निघाले ‘व्हिजन प्रो’. किंमत ३००० डॉलरच्या आसपास सांगितली जात होती, निघाली ३४९९. बॅटरीची वायर कुठून जाते हे कळावे आणि नाव कळू नये, हे कसे?

गप्प राहता येत नाही म्हणून

आधी गुपित ठेवायचेच कशाला? संगणकवाले यावर एक जुनी गोष्ट सांगतात. १९८१ मध्ये ‘ऑस्बोर्न १’ नावाचा, उचलून नेता येणारा संगणक आला आणि धडाक्याने खपला. दोन वर्षांनी कंपनीने पुढच्या, अधिक चांगल्या यंत्राचा गाजावाजा सुरू केला. यंत्र अजून दुकानात पोचायचे होते. गिऱ्हाइकांनी विचार केला, मग जुने कशाला घ्या? विक्री आटली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. दिवाळ्याला इतरही कारणे होती असे अभ्यासक म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण भीती कायमची बसली. उद्याच्या मालाबद्दल बोललात तर आजचा माल पडून राहतो.

दिवाळीला सेल लागणार हे कळल्यावर दसऱ्याला टीव्ही कोण घेईल?

पण डेव्हलपरांशी बोलण्यावाचून गत्यंतरही नसते. नवा फोन सप्टेंबरात येणार असेल आणि त्यात ॲप नीट चालायला हवीत, तर ती लिहिणाऱ्यांना किमान तीन महिने आधी फोन चालवणारी नवी प्रणाली हाती द्यावी लागते. जूनच्या परिषदेचे वेळापत्रक असे सप्टेंबरावरून ठरते. परिषदेत दिली जाते ती ‘बीटा’ आवृत्ती. बीटा म्हणजे अर्धी शिजलेली भाजी. चव घ्या, मीठ कमी-जास्त सांगा, पंगतीला वाढू नका.

कधीकधी यंत्राबद्दलही बोलावे लागते. जून २००५ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक संगणकाचा मेंदू बदलणार, म्हणजे पॉवरपीसीऐवजी इंटेलच्या चिप घेणार, असे जाहीर केले. इंटेलचे पहिले मॅक आले जानेवारी २००६ मध्ये. मधल्या काळात जुन्या मॅकची विक्री बसण्याचा धोका होताच, पण प्रोग्राम नव्या चिपसाठी आधी तयार करून घेणे भाग होते. जॉब्स यांनी त्याच भाषणात सांगितले की पाच वर्षे ही प्रणाली गुपचूप इंटेलवरही चालवून पाहिली जात होती. मंचावरचा संगणकसुद्धा तोवर इंटेलवरच चालत होता.

याची कुणकुण आधी लागली होतीच. परिषदेच्या तीन दिवस आधी ‘सीनेट’ (CNET) या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाने बातमी दिली होती. मला त्यात नवल वाटत नाही. प्रयोग एका इमारतीत चालला होता तोवर प्रकरण घरातले होते. करार करायचा म्हटल्यावर दोन कंपन्यांची माणसे आली, वकील आले, आणि जिचे काम जाणार ती तिसरी कंपनीही आली.

ब्लाउज शिवणारे

फोन किंवा लॅपटॉप एका छपराखाली जन्मत नाही. काच एकीकडून, कॅमेरा दुसरीकडून, बॅटरी तिसरीकडून, जुळणी चौथीकडे. ॲपलची जुळणी मुख्यतः चीनमध्ये होते, अलीकडे भारतातही बरीच होते. विक्रीच्या कितीतरी महिने आधी नमुन्याच्या तुकड्या निघतात. पहिल्या तुकडीत यंत्र चालते का ते पाहतात, पुढच्यांत ते हजारोंनी बनवता येईल का ते पाहतात. प्रत्येक पायरीवर नवी माणसे त्यात येतात.

तैवानचे विश्लेषक मिंग-ची कुओ यांचे नाव या पुरवठासाखळीच्या अभ्यासामुळेच झाले. त्यांची पद्धत वाण्यासारखी आहे. अमुक घरी यंदा चौपट रवा आणि डालड्याचे दोन डबे गेले, म्हणजे कार्य आहे. तसे अमुक मापाच्या पडद्याची मागणी वाढली, म्हणजे त्या मापाचे काहीतरी येते आहे. हा माल पुरवणाऱ्याला यंत्राचे नाव ठाऊक नसते आणि किंमत तर नाहीच. त्याला फक्त माप माहीत असते. म्हणून या वाटेने येणाऱ्या बातमीत मापे बरोबर असतात.

कव्हर विकणारेही असेच. फोन दुकानात आला त्या दिवशी कव्हर तयार नसेल तर धंदा दुसरा घेऊन जातो. म्हणून ते कुठून तरी आराखडा मिळवतात आणि पैज लावल्यासारखी हजारो कव्हरे आधीच पाडून ठेवतात. कॅमेऱ्याचे भोक कुठे आहे ते पाहिले की फोनची पाठ कळते.

आणि कधी सगळे बेत एका बारमध्ये वाहून जातात. मार्च २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटी इथे एका बारमध्ये जुन्या फोनच्या वेषातला न आलेला आयफोन ४ विसरून राहिला. गिझमोडो या संकेतस्थळाने तो ५००० डॉलर मोजून मिळवला, उघडला आणि फोटो छापले. ७ जूनच्या परिषदेत जॉब्स यांनी तोच फोन हातात धरून, तुम्ही हा आधी पाहिला असेल तर मला थांबवा, अशी कोपरखळी मारली. सभागृह हसले. टोलाही बरोबर बसला, कारण पाहिला सगळ्यांनीच होता.

सरकारी वहीतली नोंद

नोंदणी पद्धतीचे लग्न कितीही गुपचूप करा, नोंदणी कार्यालयाच्या फलकावर नोटीस लागतेच. यंत्रांचेही तसेच आहे. ज्यातून रेडिओ लहरी निघतात त्याला अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेची परवानगी लागते. रशिया, कझाकस्तान वगैरे देशांच्या युरेशियन आर्थिक आयोगाकडे, माहिती सांकेतिक रूपात साठवणाऱ्या उपकरणांची आधी नोंद करावी लागते, आणि ती यादी कुणालाही पाहता येते. तिच्यात ‘ए’पासून सुरू होणारे नवे मॉडेल क्रमांक दिसले की काही आठवड्यांत नवे काहीतरी येणार, हा आडाखा बऱ्याच वेळा खरा ठरला आहे. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोच्या यादीत अनेक कंपन्यांचे फोन बाजारात यायच्या आधी दिसतात. यादीत नुसता क्रमांक असतो. नवरा कोण ते कळत नाही, पण लग्न आहे एवढे कळते.

नावांचा प्रकार अधिक गमतीचा आहे. बोधचिन्ह किंवा नाव नोंदवायचे तर अर्ज करावा लागतो, आणि अमेरिकेत अर्ज लगेच सगळ्यांना दिसतो. तेव्हा कंपन्यांनी पळवाट काढली. १८८३ च्या पॅरिस कराराप्रमाणे, एका सदस्य देशात नाव नोंदवल्यावर सहा महिन्यांत दुसरीकडे अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते. मग पहिला अर्ज जमैकात करायचा. तिथली नोंदवही घरबसल्या इंटरनेटवर चाळता येत नव्हती, कार्यालयात जाऊन पाहावी लागे. नाव आपले झाले, आणि सहा महिने कुणाला पत्ता नाही! यात बेकायदा काही नाही. कोकणातल्या जमिनीचा सातबारा ज्याने पूर्वी तलाठ्याकडे जाऊन काढला आहे, त्याला या युक्तीचे मोल चटकन कळेल.

दुसरी युक्ती कागदी कंपनीची. अनोळखी नावाची कंपनी काढायची आणि अर्ज तिच्याकडून करायचा. २०१४ मध्ये अशा काही कंपन्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्थळांची नावे नोंदवायला टाकल्याचे हुशार लोकांनी शोधून काढले आणि यामागे ॲपलच असणार असा तर्क केला. त्या यादीतली सिएरा, मोहावी, बिग सर, मॉंटेरी, व्हेंचुरा, सोनोमा ही नावे पुढच्या वर्षांत एकेक करून मॅकच्या प्रणालींना लागली.

म्हणजे नाव कळते तर! मग २०२३ ला काय झाले? मे महिन्यात न्यूझीलंडमध्ये एका अशाच कंपनीने ‘एक्सआरओएस’ हे नाव नोंदवलेले सापडले. महिन्याभराने व्हिजन प्रोच्या प्रणालीचे नाव निघाले ‘व्हिजनओएस’. बाळाच्या बारशाआधी घरात पाच नावे निघतात, त्यातले एखादे शेजारणीच्या कानावर जाते, आणि आत्याबाई पाळण्याशी वाकून कानात सांगतात ते सहावेच. नोंद खरी होती. निर्णय अजून व्हायचा होता.

भिंतीत सोडलेला पॉइंट

मला सगळ्यात आवडणारी वाट ही. नवा फ्लॅट पाहायला गेलात आणि बेडरूमच्या भिंतीत, छताजवळ, सोळा अँपिअरचा पॉइंट दिसला. एसी नाही, एसीचा खोकाही नाही. तरी तुम्हाला कळते की इथे एसी लागणार आहे, आणि कुठल्या भिंतीला लागणार तेही कळते. वायरमनने काही फोडले नाही. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडायला लागू नये म्हणून त्याने वायर आधी ओढली.

सॉफ्टवेअरचे असेच असते. उद्याचा फोन ज्या प्रणालीवर चालायचा, ती प्रणाली आजच्या फोनवर चालणाऱ्या प्रणालीतूनच वाढत जाते. त्यामुळे न आलेल्या यंत्राची चित्रे, सांकेतिक नावे, सूचना आजच्या प्रणालीत बंद कुलपाआड पडून राहतात. पाठवण्याआधी त्या झाडून काढायच्या असतात. झाडताना एखादी राहते.

जून २०१७ च्या परिषदेत ॲपलने होमपॉड नावाचा स्पीकर दाखवला. जुलैच्या अखेरीस त्याचे आतले सॉफ्टवेअर चुकून सर्वांना उघडे झाले. स्टीव्ह ट्रॉटन-स्मिथ आणि गिल्हेर्मी रॅम्बो या डेव्हलपरांनी ते उसवले, तर आत एका फोनचे रेखाचित्र! कडेला चौकट जवळजवळ नाही, वर मध्ये एक खाच. शिवाय चेहरा ओळखण्याच्या सोयीचे सांकेतिक नावही. १२ सप्टेंबरला आयफोन एक्स आला तो त्याच रेषेत. स्पीकरच्या पोटात फोनचे चित्र काय करत होते? दोघांच्या प्रणालीचे मूळ एकच होते.

कधी कधी काही फुटावेही लागत नाही, कंपनी स्वतःच्या तोंडाने सांगते. २०१४ पर्यंत आयफोनच्या पडद्यांची मापे इतकी मोजकी होती की बरेच ॲप लिहिणारे आकडे टाकून मोकळे होत. हे बटण डावीकडून इतक्यावर, ते तितक्यावर. त्या वर्षीच्या परिषदेत ॲपलने आकडे टाकू नका, नाती सांगा, असा धोशा लावला. बटण कडेपासून अमुक अंतरावर आणि चित्राच्या खाली असावे, बाकी माप प्रणाली बघून घेईल. सरावासाठी साधन दिले त्यात चक्क हवा तसा ताणता येणारा आयफोन होता. शिंप्याला कुणी शिलाईत आत भरपूर कापड सोडा असे सांगितले, की मूल वाढणार आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तीन महिन्यांनी आयफोन ६ आणि ६ प्लस आले, दोन्ही आधीच्यापेक्षा मोठे.

म्हणून जूनच्या परिषदेत मंचावरच्या चकचकीत भाषणापेक्षा दुपारची रटाळ तांत्रिक व्याख्याने पाहावीत. सप्टेंबर त्यांत असतो.

┌───────────────
चौकट : बातमी आली, पण कुठल्या वाटेने?
माप, आकार, रंग यांची बातमी कारखान्यातून येते; बहुधा खरी असते. मॉडेल क्रमांक सरकारी यादीतून येतो. काहीतरी येणार हे नक्की, काय ते नाही. सॉफ्टवेअरमधले चित्र खरे असते, पण ते यंत्र कधी येणार आणि येणार तरी का, हे त्यात लिहिलेले नसते. किंमत कुणी आधी छातीठोक सांगितली तर ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.
└───────────────

जे कुणालाच कळले नाही

२०१४ च्या त्याच परिषदेत मंचावर एक शब्द आला आणि सभागृहातले हजारो डेव्हलपर गोंधळले. शब्द होता ‘स्विफ्ट’. ॲप लिहिण्याची संपूर्ण नवी भाषा. ॲपलच्या क्रिस लॅटनर यांनी २०१० मध्ये ती रचायला घेतली होती. म्हणजे चार वर्षे काम चालले होते आणि बाहेर चकार शब्द नाही. भाषेला कारखाना लागत नाही, कव्हर लागत नाही, एफसीसीची परवानगी लागत नाही. काही माणसे, काही संगणक आणि एक बंद दार. मुलाने आणि मुलीने आपसात ठरवले होते, घरच्यांनाही पत्ता नव्हता.

२०१३ चा मॅक प्रोही असाच अवचित आला. काळा, गोल, उभा. रसिकांनी त्याला लगेच कचऱ्याचा डबा म्हणून टाकले. तो विक्रीला आला थेट डिसेंबरात आणि जुळणी टेक्सासमध्ये झाली. थोडे नग, जवळची जागा आणि मोठ्या उत्पादनाच्या कितीतरी आधी केलेली घोषणा, त्यामुळे फुटायला वाटच नव्हती. डेव्हलपर परिषदेत काही यंत्रे अशी विक्रीच्या कितीतरी आधी दाखवली जातात. होमपॉड आणि व्हिजन प्रोही जूनमध्ये दाखवून पुढच्या फेब्रुवारीत विकले गेले.

किंमत हाही असाच बंद दाराआडचा मामला. कारखान्याला ती लागत नाही. ती शेवटी ठरते आणि दोन-चार जणच ठरवतात. विश्लेषक सुट्या भागांचा खर्च मोजून वर नफा चढवतात, आणि फसतात. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड आला तेव्हा हजार डॉलरची चर्चा होती. जॉब्स यांनी पडद्यावर ९९९ चा आकडा लावून ठेवला, बराच वेळ तसाच राहू दिला आणि मग तो कोसळून त्या जागी ४९९ आले. अफवेचाच भाव करून घेतला म्हणा ना. ती हजारची कंडी कंपनीनेच पिकवली होती, असा संशय अनेकांनी घेतला. पुरावा कुणाकडे नाही.

दहा तोंडे, एक दूधवाला

अफवा वाचताना आपली एक ठरलेली फसगत होते. दहा ठिकाणी तीच बातमी दिसली की आपण ती दहापट खरी मानतो. शोधत गेलो तर दहाही जणांनी एकाचेच ऐकलेले असते. इमारतीतल्या दहा बिऱ्हाडांना दूधवाल्यानेच सांगितले असेल, तर साक्षीदार एकच. साक्षीदार दोन केव्हा? दूधवाला आणि मंगल कार्यालयाचा मॅनेजर यांची ओळख नसताना दोघे एकच तारीख सांगतील तेव्हा. ॲपलची परिषद सॅन होजे शहरात भरत असे, त्या काळात तर लोक खरोखरच तिथल्या सभागृहाच्या नोंदी पाहून तारखा ओळखत.

दुसरी फसगत पंचांगातल्या पावसासारखी. मृग लागतो तोही नेमका याच सुमारास. नक्षत्राचे वाहन बेडूक होते आणि पाऊस पडला तर आपण ते वर्षभर सांगतो; म्हैस असून कोरडे गेले तर विसरतो. अफवाबहाद्दरांची चुकलेली भाकितेही अशीच वाहून जातात.

तिसरी सगळ्यात सूक्ष्म. वस्तू खरी, वेळ चुकीची. जून २०२१ मध्ये नवे मॅकबुक प्रो येणार असा बोभाटा होता. भाषण संपले, लॅपटॉप आला नाही. मग कुणीतरी पाहिले की कंपनीने यूट्यूबवर चढवलेल्या त्या भाषणाच्या शोधशब्दांत ‘एम१एक्स’ हे अफवेतले चिपचे नाव होते! ऐन वेळी घोषणा गाळली म्हणावी, की लोक जे शोधतात तेच शब्द कुणी चतुराईने टाकले म्हणावे? लॅपटॉप ऑक्टोबरात आले, आणि चिपची नावे निघाली एम१ प्रो आणि एम१ मॅक्स.

कंपन्याही हे वारे पाहून शिडे लावतात. २००८, २००९, २०१० अशी तीन वर्षे ओळीने जूनमध्ये नवा आयफोन जाहीर झाला होता. २०११ लाही सगळे त्याच आशेवर होते. तेव्हा ॲपलने परिषदेच्या आठवडाभर आधी स्वतःच पत्रक काढून मॅकची नवी प्रणाली लायन, फोनची आयओएस ५ आणि आयक्लाउड दाखवणार असे सांगून टाकले. फोनचे नाव नव्हते. न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहून लोकांनी हिरमुसू नये, एवढाच त्या पत्रकाचा हेतू दिसतो. फोन ऑक्टोबरात आला.

आता एप्रिल-मे उजाडला की मला हमखास विचारला जाणारा प्रश्न. लॅपटॉप आत्ता घेऊ, की जूनपर्यंत थांबू? २०१५ ते २०२५ या अकरा वर्षांत ॲपलने या परिषदेत दुकानात मिळणारे नवे संगणक दाखवले ते २०१७, २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये. चारदा. उरलेल्या सात वर्षांत जे थांबले होते, त्यांनी रात्री साडेदहाला दोन तास सॉफ्टवेअर पाहिले. जुना चालत असेल तर थांबा. बंद पडला असेल तर घेऊन टाका.